मोठ्या बाईंचा पहारा

माझ्या सासूबाई भिंगारच्या आमच्या वसाहतीतल्या महिला भजनी मंडळाच्या अध्यक्ष. निवडणूक दरवर्षी होते. चैत्रातल्या हळदीकुंकवानंतर सभा भरते. सासूबाई उभ्या राहून विचारतात, "अध्यक्षपदासाठी कोणाला नाव सुचवायचं आहे का?" आणि चष्म्यावरून एकेकीकडे पाहतात. त्या मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. सभेतल्या निम्म्या बायका, नाहीतर त्यांच्या मुली, त्यांच्या हाताखालून गेलेल्या. त्या नजरेसमोर कोणाला नाव सुचत नाही. "एकमताने," असं म्हणून त्या खाली बसतात. निवृत्तीला बरीच वर्षं झाली, तरी सगळी वसाहत त्यांना मोठ्या बाईच म्हणते.

उपाध्यक्ष सुभेदारीणबाई. त्यांचे यजमान लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि इथेच घर बांधून राहिले. त्या मूळच्या पाथर्डीकडच्या. त्यांनाही कोणी निवडून दिलेलं नव्हतं. भंडाऱ्याच्या स्वयंपाकाला पाचशे माणसांचा अंदाज त्या हातानेच घेत आणि तो चुकत नसे, म्हणून कधीतरी त्या उपाध्यक्ष झाल्या. आवाज असा, की माईक बंद पडला तर कोणाच्या लक्षात येऊ नये. लष्कराच्या क्वार्टरमधल्या बायका, सुप्याच्या कारखान्यात पाळीने जाणाऱ्या बायका, सगळ्या त्यांच्या बाजूच्या. सासूबाईंच्या बाजूला निवृत्त शिक्षिका, बँकवाल्या आणि ज्यांच्या घरी पूर्वी पौरोहित्य होतं अशा बायका. भजनाला बसताना या दोन बाजू सतरंजीवरही दोन बाजूंना बसत. मध्ये पेटी असे.

मी तेव्हा एका जिल्हा दैनिकात उपसंपादक होते. माझी पाळी दुपारनंतर सुरू होई. सकाळी मी घरी असते एवढ्या एका कारणावरून सासूबाईंनी मला मंडळाची प्रसिद्धीप्रमुख नेमलं. मला ते सभेचा वृत्तांत वाचताना कळलं.

वसाहतीतल्या विठ्ठल मंदिरात दरवर्षी अखंड हरिनाम सप्ताह होतो. सात दिवस वीणा उभी असते. म्हणजे कोणीतरी ती गळ्यात अडकवून देवासमोर उभं राहायचं आणि 'राम कृष्ण हरी' म्हणत राहायचं. बसायचं नाही, दुसरा शब्द बोलायचा नाही, आणि पुढचा माणूस आल्याशिवाय वीणा सोडायची नाही. या पाळीला पहारा म्हणतात. जो उभा असतो तो विणेकरी. तेवढा वेळ तो लहान असो मोठा असो, सगळे त्याच्या पाया पडतात. बदलीच्या वेळी नवा विणेकरी जुन्याच्या पायावर डोकं ठेवतो, वीणा गळ्यात घेतो, आणि मग जुना नव्याच्या पायावर डोकं ठेवतो. या शेवटच्या वाक्यावर पुढचा सगळा प्रकार उभा आहे.

आमच्या मंदिरात पहारे पुरुषांचे होते. बायकांनी पारायणाला बसावं, पोळ्या लाटाव्यात, कीर्तनाला गर्दी करावी. वीणा मात्र नाही. सासूबाईंचे वडील अकोल्याकडच्या एका गावात विणेकरी होते. सप्ताहाआधी वीणा पुसून तिला हार घालायचं काम लेकीचं असे. हार घालून झाला की वीणा भावाच्या गळ्यात जाई. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही भाजी निवडताना. पण दिवसाचे पहारे बायकांना मिळावेत म्हणून त्या विश्वस्तांकडे दरवर्षी जात आणि दरवर्षी परत येत. अध्यक्षपद त्यांना न मागता मिळालं होतं. मागून न मिळालेली ही एकच गोष्ट होती.

ज्या वर्षाची ही हकिकत आहे, त्या वर्षी विश्वस्तांनी चर्चेला बोलावलं. मुख्य विश्वस्त साठीचे, स्वभावाने मवाळ. त्यांच्या दोन्ही मुली सासूबाईंच्या शाळेत शिकल्या होत्या, आणि सासूबाई बोलत असताना तेही पालकसभेला आल्यासारखे बसत.

"बाई, विरोध कोणाचाच नाही," ते म्हणाले. "पण महिलांच्या काही... अडचणी असतात."

"अडचण आली की बदली बाई येईल," सासूबाई म्हणाल्या. "शाळेत मी एकही वर्ग रिकामा ठेवला नाही."

सुभेदारीणबाई दाराशी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आन् आमच्यातल्या निम्म्या बायांची अडचन कवाच संपलीय. नावं सांगू का?"

विश्वस्तांनी नावं नकोत असं सांगितलं. परवानगी मिळाली. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा बायका, रात्री पुरुष. अट एकच, पण तिचे दोन भाग. महिलांच्या वेळेत वीणा खाली टेकली, किंवा ती धरायला एखाद्या पुरुषाला बोलवावं लागलं, तर पुढच्या वर्षी पहारे पुन्हा पुरुषांकडे. "एकदा जरी झालं तरी," विश्वस्त म्हणाले, आणि सासूबाईंकडे न पाहता म्हणाले.

पहारे ठरवायला मंडळाची सभा झाली. दोन-दोन तासांचा एक पहारा. सासूबाईंनी आयुष्यभर शाळेची वेळापत्रकं केलेली. कोणता तास कोणाला नकोसा असतो आणि तो कोणाला द्यायचा, हे त्यांना पाठ होतं. सकाळचा आठ ते दहा त्यांनी स्वतःकडे घेतला. या वेळी दर्शनाला गर्दी असते. त्यानंतरचा दहा ते बारा त्यांच्या शाळेतल्या गणिताच्या बाईंना. दुपारी बारा ते दोन, पत्रे तापतात आणि मंदिरात कुत्रंही फिरकत नाही, तो सुभेदारीणबाईंना.

"खरी साधना दुपारचीच," सासूबाईंनी सांगितलं. "समोर कोणी नसताना."

"चालंल की," सुभेदारीणबाई म्हणाल्या. "आमी उन्हातच वाढलो. पर एक इचारू का बाई? तुमच्या न् माझ्या मधी ह्या गनिताच्या बाई कशापायी?"

"कशापायी म्हणजे? त्यांचाही पहारा आहे."

"न्हाई, म्हनलं, दोन काचंची भांडी बांधताना मधी पेंढा भरत्यात, तसं वाटलं."

क्वार्टरच्या बाजूने हसू आलं. आमच्या बाजूने पेटीवाल्या बाईंनी भाता उगाचच हलवून पाहिला. सासूबाई म्हणाल्या, "पुढचा विषय." पण मला तिथेच समजलं, आणि बहुतेक सगळ्यांनाच समजलं. आठ ते दहानंतर लगेच बारा ते दोनवाली आली, तर सासूबाईंना सुभेदारीणबाईंच्या पायावर डोकं ठेवावं लागलं असतं. गणिताच्या बाईंच्या पाया पडणं वेगळं. त्या एवढ्या संकोचत, की सासूबाई वाकायच्या आतच त्या अर्ध्या वाकलेल्या असत, आणि ते दोघींनी काहीतरी शोधल्यासारखं दिसे.

सप्ताह सुरू झाला. पहिले चार दिवस ठीक गेले. विश्वस्त हात मागे बांधून अधूनमधून येत, वीणा जागेवर आहे हे पाहत आणि देवाला नमस्कार करून जात. बायकांना गोडी लागली. एका बँकवाल्या बाईंच्या पहाऱ्यात सुनेचा फोन आला, तो त्यांनी कानाला लावला आणि "राम कृष्ण हरी, राम कृष्ण हरी" असंच तिला सांगत राहिल्या. सून म्हणाली, "कळलं, दूध बाहेर काढते," आणि तेच त्यांना सांगायचं होतं. सुप्याच्या कारखान्यातून रात्रपाळी करून आलेली एक जण घरी न जाता थेट सकाळी सहाला उभी राहिली. मंडळाच्या या दोन बाजू चार दिवसांत थोड्या मिसळल्याही होत्या. सतरंजीवर पेटी एका कडेला गेली होती.

पाचव्या दिवशी वहिनीसाहेब येणार होत्या.

आमच्या जिल्ह्यात पुढाऱ्याच्या पत्नीला वहिनीसाहेब म्हणतात. तिला वेगळं पद लागत नाही. या वहिनीसाहेबांचे यजमान तालुक्यातल्या बऱ्याच गोष्टींचे अध्यक्ष होते, आणि ज्या गोष्टींचे ते नव्हते त्यांच्या त्या होत्या. त्या सकाळी नऊला येतील असा निरोप होता. सासूबाईंनी सगळी आखणी त्यावर केली. नऊ म्हणजे त्यांचाच पहारा. वहिनीसाहेब येतील, विणेकरी म्हणून त्यांच्या पाया पडतील, मी मोबाईलवर फोटो घेईन, तो दुसऱ्या दिवशी आमच्या दैनिकात येईल. मग दहाला वीणा गणिताच्या बाईंकडे जाईल, आणि मोकळ्या झालेल्या सासूबाई मंडळाची मागणी मांडतील. मागणी संगमरवरी सभामंडपाची होती. दर्शनी भागावर कोनशिला, तिच्यावर देणाऱ्यांचं आणि अध्यक्षांचं नाव.

नऊला वहिनीसाहेब आल्या नाहीत. पुढारी नऊला येत नाहीत हे मी सासूबाईंना आदल्या दिवशीच सांगितलं होतं. माझ्या धंद्यात तेवढं तरी कळतं. त्या म्हणाल्या होत्या, "ज्यांनी वेळ दिली त्या बाई आहेत."

दहा वाजता गणिताच्या बाई हात जोडून पुढे आल्या. वाकणार, एवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "राम कृष्ण हरी." शब्द तेच, पण शाळेत 'जागेवर जा' असं म्हणताना जो सूर लागत असे तो. गणिताच्या बाई जागेवर गेल्या.

साडेदहा झाले. गणिताच्या बाई पुन्हा उठल्या. "राम कृष्ण हरी," सासूबाई म्हणाल्या. आता त्यात 'सांगितलेलं कळत नाही का' असं होतं.

अकरा वाजले. सासूबाईंनी वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर घेतलं. त्यांचे गुडघे फार बरे नव्हते, आणि सकाळी निघताना त्यांनी दोन कप चहा घेतला होता. मंदिराच्या आवारात बायकांसाठी काहीही सोय नव्हती. घर चार गल्ल्या पलीकडे. एरवी दोन तासांच्या पहाऱ्याला हा प्रश्न येत नसे.

गणिताच्या बाई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "अगं, आमच्या ह्यांना साडेअकराला इन्शुलिन द्यायचं असतं. ते स्वतः घेत नाहीत, भिंतीवर मारतात. मी जाऊन येऊ का?"

"आईंना विचारा," मी म्हणाले.

त्या समोर गेल्या, घड्याळाकडे बोट केलं, दंडावर सुई टोचल्याची खूण केली. बाहेर तेव्हाच गाडीचा हॉर्न वाजला. सासूबाईंना वाटलं, वहिनीसाहेब आल्या. त्यांनी मान डोलावली. गणिताच्या बाई गेल्या. गाडी गॅस सिलिंडरची होती.

वहिनीसाहेब आल्या तेव्हा बाराला थोडाच वेळ उरला होता. तीन गाड्या, मागे पीए, त्याच्यामागे शाल-श्रीफळ घेतलेला एक माणूस. बोलायला त्या साध्या होत्या. चपला काढून सरळ आत आल्या आणि सासूबाईंच्या पायावर डोकं ठेवलं. मी फोटो घेतला. ज्यासाठी एवढं थांबणं झालं तो क्षण खरोखरच आला आणि नीट पार पडला, हे नोंदवलं पाहिजे.

मग वहिनीसाहेब म्हणाल्या, "मला घेता येईल का वीणा? एक मिनिट. फोटोपुरती." आणि त्यांनी हात पुढे केले.

आता यातला धोका फक्त आम्हालाच माहीत होता. वहिनीसाहेबांनी वीणा गळ्यात घेतली, तर मिनिटभराने ती त्या कोणाच्या तरी हातात देणार. त्यांना लागेल ते धरायला कायम पीएच उभा असे. आणि पीए पुरुष होता. मुख्य विश्वस्त खांबाशी उभे राहून पाहत होते.

"राम कृष्ण हरी," सासूबाई म्हणाल्या आणि एक पाऊल मागे सरल्या.

वहिनीसाहेबांना वाटलं, वृद्ध बाई आहेत, तल्लीन झाल्या आहेत. त्या एक पाऊल पुढे गेल्या. सासूबाई आणखी मागे. "राम कृष्ण हरी. राम कृष्ण हरी." असं करत त्या गाभाऱ्याच्या उंबऱ्याला टेकल्या. वीणा त्यांनी दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती.

"राहू द्या वहिनीसाहेब," पीए भारावून म्हणाला. "त्यांचा भाव लागलाय."

वहिनीसाहेबांनी पुन्हा एकदा नमस्कार केला आणि मंडपात खुर्चीवर जाऊन बसल्या. शाल-श्रीफळ झालं. त्या म्हणाल्या, "महिलांनी पहारे घेतले याचा मला फार आनंद आहे. मंडळासाठी काहीतरी करायची इच्छा आहे. अध्यक्षांनी सांगावं."

सगळ्यांनी सासूबाईंकडे पाहिलं.

"राम कृष्ण हरी," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी मान वर करून पत्र्याच्या छताकडे पाहिलं, मग खाली फरशीकडे, मग भिंतीकडे, जिथे कोनशिला बसली असती. याचा अर्थ मला समजला. पण प्रसिद्धीप्रमुखाने मागणी मांडायची पद्धत नाही, आणि मी पुढे काही बोलायच्या आत स्वयंपाकाच्या मांडवातून सुभेदारीणबाई पदराला हात पुसत आल्या.

"मी उपाध्यक्ष हाय," त्या म्हणाल्या. "मी सांगते. वहिनीसाहेब, बायांना संडास-बाथरूम बांधून द्या."

पीएने शाल-श्रीफळवाल्याकडे पाहिलं.

"दोन-दोन तास हुभं ऱ्हायचं आन् जायाला जागा न्हाई. गडीमानसं भिताडाआड जात्यात. बायांनी कुठं जावं? मघाधरनं मी सैपाकाच्या मांडवातनं मोठ्या बाईंचं तोंड बघतीया. त्यांना बोलता येत न्हाई म्हनून मी बोलते."

"राम कृष्ण हरी," सासूबाई म्हणाल्या. इतका क्षीण जप मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. मागणी हातची चालली होती, आणि त्याच घडीला ती मागणी त्यांच्याइतकी कोणालाच पटलेली नव्हती.

"अगदी योग्य मागणी," वहिनीसाहेब म्हणाल्या. "मंजूर. लिहून घ्या."

पीएने लिहून घेतलं. मग वर पाहून विचारलं, "पाटी कशी करायची? वहिनीसाहेबांच्या सौजन्याने, आणि खाली मंडळाच्या अध्यक्षांचं नाव. मोठ्या अक्षरात टाकू ना?"

सासूबाईंचा जप एकदम वरच्या पट्टीत गेला. पीएने तो होकार समजला.

वहिनीसाहेब जेवायला मांडवात गेल्या नाहीत. त्या म्हणाल्या, पहारा बदलताना पाहून जाते. बारा वाजले होते. पुढचा पहारा सुभेदारीणबाईंचा. मधल्या बाई इन्शुलिन देत होत्या.

सुभेदारीणबाईंनी हौदावर जाऊन हातपाय धुतले. सावकाश धुतले. कोपरापर्यंत, मग घोट्यापर्यंत, मग पुन्हा कोपरापर्यंत. हळदीचे डाग निघत नसतील. सासूबाई पाहत होत्या. जपाची लय वाढली होती, पेटीवाल्या बाई म्हणाल्या, "द्रुत चाललंय."

मग त्या आल्या, वाकल्या, सासूबाईंच्या पायावर कपाळ टेकवलं. त्यात कसूर नव्हती. उठून वीणा गळ्यात घेतली. "राम कृष्ण हरी," त्यांच्या आवाजात सुरू झालं आणि पत्रे किंचित थरथरले.

आता सासूबाईंनी वाकायचं होतं.

वहिनीसाहेब बघत होत्या. विश्वस्त बघत होते. दोन्ही बाजूंच्या बायका हातातलं काम थांबवून बघत होत्या. सासूबाई क्षणभर सरळ उभ्या राहिल्या, म्हणजे तसा प्रयत्न केला. मग वाकल्या. नुसतं वाकून हात लावण्याने भागेल असं त्यांना वाटलं असावं. पण एवढा वेळ उभ्या राहिलेल्या गुडघ्यांनी निर्णय परस्पर घेतला, आणि त्या खालीच गेल्या. सुभेदारीणबाईंच्या पावलांवर त्यांचं कपाळ टेकलं आणि तिथेच राहिलं.

लोकांना वाटलं, भक्ती. वहिनीसाहेबांनी डोळ्यांना पदर लावला. दुसरा फोटो घेताना मला जवळून दिसत होतं. सासूबाईंना उठता येत नव्हतं.

सुभेदारीणबाईंनाही ते कळलं. पण आता त्यांच्या गळ्यात वीणा होती. "राम कृष्ण हरी," त्या माझ्याकडे पाहून म्हणाल्या. म्हणजे 'उचल की.' मी आणि सुप्यावाल्या बाईंनी दोन्ही बाजूंनी धरून उठवलं. सासूबाईंनी पदर सारखा केला, देवाला नमस्कार केला, वहिनीसाहेबांना नमस्कार केला आणि वयाच्या मानाने फार वेगाने घराकडे निघाल्या.

फोटो मी दोन घेतले होते. दोन्ही कचेरीत दिले. वृत्तसंपादक म्हणाले, पुढाऱ्याची बायको पाया पडतेय हा लावला तर उद्या दुसऱ्या पुढाऱ्याचा फोन येईल. हा दुसरा लावा, यात माणुसकी आहे. जागा एका रकान्याची होती. त्यात सासूबाईंची वाकलेली आकृती पूर्ण बसावी म्हणून वरचा भाग कापला गेला. ओळ अशी गेली: 'भिंगार येथील सप्ताहात विणेपुढे नतमस्तक झालेल्या महिला मंडळाच्या अध्यक्ष.'

सकाळपासून घरचा फोन वाजत होता. शाळेतल्या जुन्या सहकारी, नगरमधले नातेवाईक, एक निवृत्त शिक्षणाधिकारी. सगळे तेच म्हणत होते, केवढं मोठं मन. एवढं पद, एवढं शिक्षण, आणि केवढी नम्रता. पहिल्या फोनला सासूबाई म्हणाल्या, "छे छे." चौथ्या फोनला म्हणाल्या, "अहंकार सोडावाच लागतो." मग भिंग घेऊन त्यांनी फोटो नीट पाहिला आणि मला म्हणाल्या, "पदर बरा दिसतोय."

दुपारी सुभेदारीणबाई अंक घेऊन आल्या.

"ह्यात मी कुठं हाय?" त्यांनी मला विचारलं.

मी फोटोत दाखवलं.

"हे पाय हायत," त्या म्हणाल्या. "माझं मुंडकं कुठं गेलं?"

"जागा तेवढीच होती."

"व्हय का. पाय माझे, न् मोठेपन त्यांचं." त्या रागावल्या नव्हत्या. हळद लागलेल्या बोटाने फोटोतल्या पायांवरून त्यांनी एकदा बोट फिरवलं. "वज्रीनं घासून घ्यायला पायजे हुतं. टाच लई फुटलेली दिसतीया." अंक घडी करून त्या घेऊन गेल्या.

सातव्या दिवशी काल्याचं कीर्तन झालं. पंगत बसायच्या आधी विश्वस्तांनी दोघींना मंदिराच्या ओट्यावर बोलावलं. पुढच्या वर्षीचं सांगायचं होतं. मी बाजूला उभी होते. बातमीला ते लागणार होतं.

"सगळं उत्तम झालं," विश्वस्त म्हणाले. "फक्त काही मंडळी म्हणतात, पाचव्या दिवशी एक पहारा बदललाच नाही. दहाचा. म्हणजे नियमात खंड पडला. मी म्हटलं, बाईंची समाधी लागली होती. वहिनीसाहेबही तसंच म्हणत होत्या. बाई, तुम्ही स्वतः तेवढं सांगा, म्हणजे विषय मिटेल."

वाट मोकळी करून दिली होती. समाधी म्हटलं की पुढे कोणी विचारणार नव्हतं. सासूबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. पुन्हा लावला.

"समाधी नव्हती," त्या म्हणाल्या. "वहिनीसाहेबांची वाट पाहत होते. फोटोसाठी."

विश्वस्तांनी कपाळाला हात लावला. त्यांनी एवढी मदत केली होती.

"मग, बाई, अवघड होतं," ते म्हणाले. "मंडळी म्हणतात, अट ती अट."

"अट काय हुती?" सुभेदारीणबाईंनी विचारलं. "ईना खाली टेकाय नगं. टेकली का?"

"नाही."

"गड्याला बोलवाय नगं. बोलवला का?"

"नाही. पण पहारा—"

"पहारा बदलला न्हाई म्हंजी एका बाईनं दोघींचा केला. तुमच्या गड्यांत कुनी केलाय दोघांचा?" विश्वस्तांनी हात मागे बांधले. "मी रोज पाटंला चुली पेटवाया येते. तीन दिस बघितलं, रोज येगळा गडी. तुमचा इनेकरी खांबाला टेकून बसलेला, तोंड उघडं, ईना मांडीवर. मांडी म्हंजी जमीन न्हाई, ह्ये मला मान्य हाय. म्हनून मी कुनाला बोलले न्हाई. बोलू का आता? पंगतीला समदे हायतच."

विश्वस्तांनी पंगतीकडे पाहिलं. ते तिघेही विणेकरी पहिल्या रांगेत पत्रावळी सारख्या करत बसले होते.

"नको," विश्वस्त म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "खरं सांगू का? रात्रीला माणसंच मिळत नाहीत हल्ली. ड्युट्या असतात, मोबाईल असतात. दिवसाचे तुमच्याकडेच राहू द्या. मी तर म्हणतो, पुढच्या वर्षी रात्रीचेही तुम्हीच घ्या."

"नाही," सासूबाई म्हणाल्या.

"न्हाई," सुभेदारीणबाई त्याच वेळी म्हणाल्या.

या दोघींचं मंडळात आजवर एकमत झालं होतं ते फक्त अध्यक्षांच्या निवडीवर. त्यांनी एकमेकींकडे पाहिलंही नाही.

"रातचं गड्यांनीच जागावं," सुभेदारीणबाई म्हणाल्या. "आमी दिसभर हुभं ऱ्हायचं, सैपाक करायचा, आन् रातचं बी आमीच? देवाला बी कळंल की कोन झोपतंय."

"आणि दिवसाचे आमचे, हे आत्ताच माईकवर सांगा," सासूबाई म्हणाल्या. "पंगत उठायच्या आत."

विश्वस्त माईककडे गेले. त्यांनी सांगितलं. पंगतीतल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या, पुरुषांनी वरण मागितलं. विश्वस्तांनी शेवटी वहिनीसाहेबांचे आभार मानले आणि लवकरच होणाऱ्या बांधकामाचा उल्लेख, कशाचं ते न सांगता, केला.

ओट्यावर दोघीच राहिल्या. सासूबाई म्हणाल्या, "पुढच्या वर्षी मी सकाळी सहाचा पहारा घेते. त्या वेळी कोणी पुढारी येत नाही."

"घ्या की. पर सहाला ईना रातच्या गड्याकडून घ्यावी लागंल. आधी त्याच्या पाया पडायचं."

सासूबाईंनी पहिल्या रांगेकडे पाहिलं. तिघांपैकी एक जण ताकाची वाटी तोंडाला लावत होता, दुसरा पत्रावळीवरून बुंदी गोळा करत होता, तिसरा जेवताजेवताच डुलत होता.

"यांतला कोण ठेवायचा, ते मी ठरवते," त्या म्हणाल्या, आणि पदर खोचून विश्वस्तांकडे निघाल्या.